गांडुळाची सनावळ

माणसाने माणसाला फसवल्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आमच्या बँकेत तर तो रोज लिहिला जातो आणि वर्षातून एकदा ऑडिटरला दाखवला जातो. पण माणसाने माशाला फसवल्याचा इतिहास मराठीत कुणी सविस्तर लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. याचं कारण उघड आहे. आपलं आणि माशाचं वैर जेवणाच्या वेळेपर्यंतचं. एकदा तो कालवणात पडला की आपल्या मनात त्याच्याविषयी प्रेमाखेरीज काही उरत नाही. शिवाय कोकणात खाडीवर गरवायला बसणारा माणूस गरीला खरं गांडूळ लावतो, खरी कोलंबी लावतो. म्हणजे हेतू वाईट असला तरी मालात भेसळ नाही. मरता मरता माशाला निदान काहीतरी खाल्ल्याचं समाधान मिळतं.

अमेरिकेत हे समाधानही त्याला मिळू द्यायचं नाही, असं ठरलेलं दिसतं. तिथे शौकीन मंडळी गळाला जे लावतात त्याला ल्युअर म्हणतात. हे ल्युअर म्हणजे लाकूड, पत्रा, पिसं, केस किंवा प्लास्टिक यांपासून केलेलं, खाण्याचा आभास निर्माण करणारं, पण खाण्यालायक अजिबात नसलेलं आमिष. (आमच्या कँटीनच्या साबुदाणावड्याची व्याख्याही याहून फार वेगळी नाही.)

या शास्त्राचा अमेरिकेतला पहिला थोर पुरुष ज्यूलिओ ब्यूएल. हा व्हरमाँटमधल्या एका तळ्यावर होडीत बसून जेवत असताना त्याचा चमचा पाण्यात पडला आणि चकाकत, हेलकावे खात तळाशी चाललेल्या त्या चमच्यावर एका माशाने झडप घातली, अशी कथा सांगतात. कथा खरी की खोटी ते तो मासाच जाणे. पण 1852 साली ब्यूएलने चमच्याच्या आकाराच्या आमिषाचं पेटंट घेतलं, हे मात्र कागदोपत्री आहे. माझा चमचा पाण्यात पडला असता तर तो कुणी पाडला यावर घरात दोन दिवस चर्चा झाली असती. पेटंट वगैरे कुणाला सुचलं नसतं. राष्ट्राराष्ट्रांत फरक असतो तो असा.

दुसरा पुरुष जेम्स हेडन. मिशिगनमधल्या डोवॅजिअॅक गावचा हा गृहस्थ मूळचा मधमाश्या पाळणारा, तोही साधासुधा नव्हे. मधमाश्यांच्या पेटीचं पेटंट त्याच्या नावावर होतं. एकदा मित्राची वाट पाहत तो गिरणीच्या तळ्याकाठी बसला होता. हाताला चाळा म्हणून चाकूने लाकडाचा तुकडा तासला आणि कंटाळून पाण्यात भिरकावला. लगेच एका बास माशाने तो हवेत उडवला. तेवढ्यावरून त्याने लाकडी आमिषांचा कारखाना उभा केला आणि तो जगप्रसिद्ध झाला. वेळेवर न येणाऱ्या मित्रांनी जगाचं किती कल्याण केलं आहे, याचा हिशेब एकदा कुणीतरी मांडायला हवा.

पण चमचा काय, लाकूड काय, दोन्ही शेवटी कडकच. मासा चावतो, दाताला कडक लागतं, थू: करून सोडून देतो. आपण पोह्यात खडा लागल्यावर करतो तेच. तेव्हा दाताला मऊ लागेल असं काहीतरी हवं होतं. ते कुठे मिळालं? तर ओहायओ राज्यातल्या अॅक्रन शहरात.

अॅक्रन म्हणजे रबराची पंढरी. गुडइयर, गुडरिच, फायरस्टोन, सगळे टायरवाले तिथलेच. 1926 साली गुडरिच कंपनीतल्या वॉल्डो सेमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला रबर धातूला चिकटवणारं काहीतरी शोधून काढायचं होतं. त्यासाठी त्याने पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे आपलं पीव्हीसी, हाताशी घेतलं. त्या काळी या पदार्थाला कुणी विचारत नव्हतं. ठिसूळ, निरुपयोगी, कोपऱ्यात पडलेला. एका जड द्रावकात घालून सेमनने तो उकळला आणि थंड करून पाहतो तो धातूला चिकटायचं नाव नाही, पण अंगी लवचिकपणा आलेला! दाबला तर दबतो, सोडला तर पूर्ववत होतो. असली माणसं नोकरीत फार वर जातात. पीव्हीसीही गेलं. रेनकोटात गेलं, टेबलक्लॉथमध्ये गेलं, विजेच्या वायरींवर गेलं, आणि शेवटी 1949 साली त्याच अॅक्रनमध्ये ते गांडुळाच्या जन्माला आलं.

हा चमत्कार करणाऱ्याचं नाव निक क्रीम. पेशाने यंत्रकारागीर, छंदाने मासे गरवणारा. त्याने खऱ्या गांडुळावरून साचा केला, व्हिनाइल, तेल आणि रंग यांचं मिश्रण घरच्या शेगडीवर शिजवलं, साच्यात ओतलं आणि मऊ, लिबलिबीत, हुबेहूब गांडूळ बाहेर काढलं. या कामात त्याच्या बायकोचा, कॉस्मा तिचं नाव, बरोबरीने हात होता. या बाईंना माझा साष्टांग नमस्कार. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर नवऱ्याला प्लास्टिकची गांडुळं शिजवू देणारी बायको इतिहासात दुसरी सापडणार नाही. आमच्या घरी मी एकदा चहा करायला गेलो होतो, तेव्हाही खुलासा द्यावा लागला होता.

1951 साली क्रीमने मासिकांतून जाहिराती देऊन टपालाने माल विकायला सुरुवात केली. भाव: एका डॉलरला पाच. मी कॉमर्सचा विद्यार्थी, त्यामुळे आकडा दिसला की हात शिवशिवतात. त्या वेळचा डॉलर म्हणजे चार रुपये शहात्तर पैसे, म्हणजे चार रुपये बारा आणे. तेव्हा एक गांडूळ पडलं पंधरा आण्यांना. जे आपल्या अंगणात पावसाळ्यात फुकट मिळतं आणि बायका ज्याला पाहून किंचाळतात! आणि ते खपलं. धडाधड खपलं. पुढे क्रीमने टेक्ससमध्ये टायलर गावी बिऱ्हाड हलवलं, कारण तिथे नवी धरणं होत होती, धरणांत बास मासे होते आणि माशांना पंधरा आण्यांचा माल परवडत होता.

हे 1949 साल मला फार आवडतं. 1 जानेवारीला रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. 16 मार्चला बँकांना शिस्त लावणारा कायदा अमलात आला, ज्याची कलमं आम्ही जेएआयआयबीच्या परीक्षेला घोकली. सप्टेंबरात रुपया गडगडला. आणि त्याच साली इकडे प्लास्टिकचं गांडूळ जन्मलं. इतिहासाच्या पुस्तकात या चार घटना एका पानावर मी अजून पाहिलेल्या नाहीत.

त्याच साली आणखीही एक प्रकरण घडलं. त्यासाठी मस्की या माशाची ओळख करून द्यायला हवी.

मस्कीचं पूर्ण नाव मस्कलंज. गोड्या पाण्यातला, पाइक घराण्यातला. मूळ नाव ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. त्याचा अर्थ कुणी 'मोठा पाइक' सांगतात, कुणी 'कुरूप पाइक'. फ्रेंचांनी तेच नाव ऐकून 'लांबट मुखवटा' असा अर्थ बसवला. म्हणजे रूपाबद्दल सगळ्यांचं एकमत. अंग लांबोडकं, तोंड सुसरीला शोभेल असं आणि त्यात दात असे की साधा दोरा सुतासारखा कापला जावा, म्हणून गळाच्या वर तारेचा तुकडा लावतात. हा बदकाची पिल्लंही गिळतो. पन्नास इंचांची मादी तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं जातात. विस्कॉन्सिनने 1955 मध्ये त्याला राज्यमासा केलं. त्या राज्यातल्या हेवर्ड गावात गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं एक संग्रहालय आहे आणि तिथे फायबरग्लासचा 143 फूट लांब, साडेचार मजली मस्की उभा आहे. आत शिरून, वर चढून, त्याच्या जबड्यात उभं राहून फोटो काढतात. लोक तिथे लग्नंही लावतात. जागेची निवड विचारपूर्वक केलेली दिसते.

या माशाला तिकडे 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात. म्हणजे दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एकदा हा लागतो. एका फेकीला चाळीस सेकंद धरले तर एकशे अकरा तास होतात. रोज आठ तासांची ड्युटी धरली तर चौदा दिवस, जेवणाची सुट्टी वेगळी. मस्की गळाला लागत नाही याचं कारण तो येत नाही हे नव्हे. तो येतो. आमिषाच्या मागे मागे, शांतपणे, अगदी होडीपर्यंत येतो, आमिषाकडे बघतो, माणसाकडे बघतो आणि परत जातो. साडीच्या दुकानात हे दृश्य मी अनेकदा पाहिलेलं आहे.

आता 1949 चं प्रकरण. 24 जुलैला कॅल जॉन्सन यांनी हेवर्डजवळच्या लॅक कूर्ट ओरे सरोवरात 67 पौंड 8 औंसांचा मस्की धरला. विश्वविक्रम! तीन महिने जातात न जातात तोच, 20 ऑक्टोबरला, शेजारच्याच चिपेवा फ्लोएजमध्ये लुई स्प्रे यांनी 69 पौंड 11 औंसांचा धरला. हे स्प्रे म्हणजे गुत्तेवाले, दारूबंदीच्या काळात चोरटी दारू पोचवलेले आणि 1939, 1940 आणि 1949 असे तीनदा 'विश्वविक्रमी' मासे धरलेले. आमच्याकडे एकाच माणसाला तीनदा पहिलं बक्षीस लागलं असतं तर लॉटरीच बंद पडली असती. वाद पेटला. माशाची पेंढा भरलेली प्रत 1959 मध्ये आगीत जळाली. म्हणजे मूळ दस्तऐवज गहाळ. मग 1957 साली आर्थर लॉटन यांनी सेंट लॉरेन्स नदीत 69 पौंड 15 औंसांचा मासा धरल्याचं जाहीर केलं, स्प्रेंपेक्षा बरोबर चार औंस जास्त. पस्तीस वर्षं तो विक्रम टिकला आणि फोटोंची छाननी होऊन 1992 मध्ये रद्द झाला. 2005 मध्ये स्प्रेंच्या माशाविरुद्धही फोटो मोजून रीतसर तक्रार झाली. हेवर्डच्या संग्रहालयाने ती 2006 मध्ये फेटाळली.

परिणाम असा की आज जगात दोन विश्वविक्रम आहेत. हेवर्डचं संग्रहालय स्प्रेंचा मानतं आणि गेम फिशची आंतरराष्ट्रीय संघटना जॉन्सनचा. दोन खतावण्या, दोन शिल्लका, आणि ताळा जमायचा नाही. अशा वेळी आम्ही फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो. हा दोन पौंड तीन औंसांचा फरक सत्तरहून अधिक वर्षं तिथे पडून आहे. आणि मिनेसोटाचा हल्लीचा, तोललेला-मोजलेला राज्यविक्रम, 2021 सालचा, मिल लॅक्स सरोवरातला, आहे 55 पौंड 14.8 औंस. आता बोला!

आणि एक. हे चिपेवा फ्लोएज नैसर्गिक तळं नव्हे. 1923 मध्ये वीज कंपनीने धरण बांधलं आणि ओजिब्वे लोकांचं गाव, भातखाचरं (तिकडे पाण्यात उगवणारा रानभात असतो) आणि पूर्वजांची थडगी त्या पाण्याखाली गेली. त्यांनी नको नको म्हटलं होतं. त्याच सुमाराला, 1921 पासून, आपल्याकडे मुळशीला सेनापती बापट आणि मावळे शेतकरी हेच नको नको म्हणत होते. दोन्हीकडे पाणी चढलं. विश्वविक्रमाची भांडणं चालतात ती या पाण्यावर. स्प्रेंच्या माशाच्या वजनावर जेवढी शाई सांडली, तेवढी या गावावर सांडलेली दिसत नाही.

तर, मऊ प्लास्टिक. क्रीमचं गांडूळ बाससाठी होतं. सत्तरच्या दशकात लुइझियानातल्या मिस्टर ट्विस्टरवाल्यांनी त्याला वळसेदार शेपूट लावली, ती पाण्यात आपोआप वळवळू लागली आणि मऊ आमिषांचा बाजार तेजीत आला. पण मस्कीवाले मात्र कित्येक वर्षं लाकडालाच चिकटून होते. नाहीतर पितळी पाती आणि प्राण्यांच्या शेपटीचे केस. (मेप्स हे त्यातलं नामांकित नाव. त्यांचा विस्कॉन्सिनमधला कारखाना शिकाऱ्यांकडून खारीच्या शेपट्या विकत घेतो. शेपटीसाठी म्हणून खार मारू नका, खाल्लेल्या खारीचीच शेपूट पाठवा, असा त्यांचा आग्रह असतो. जुन्या पिढीची काटकसर!) मस्कीसाठी मऊ प्लास्टिक का नको, तर त्याचे दात. एका चाव्यात माल खलास. शेवटी विसावं शतक संपता संपता 'बुल डॉग' नावाचं मऊ आमिष आलं आणि सगळं फिरलं. वजनदार डोकं, आतून तारेचा सांगाडा, पोटाखाली तीन तोंडांचे गळ आणि मागे भलीमोठी वळलेली शेपूट. त्यातली सर्वांत थोरली पाती सोळा इंच लांब आणि पौंडाच्या घरात. म्हणजे आपण बाजारातून रात्रीच्या जेवणाला जेवढा मासा आणतो तेवढं हे नुसतं आमिष.

याचं रहस्य एवढंच की चावल्यावर ते मांसासारखं लागतं. लाकूड मासा तत्काळ थुंकतो, हे तो क्षणभर जास्त तोंडात धरतो, आणि त्या क्षणात माणसाला झटका देता येतो. पीव्हीसीची पूड आणि तिला मऊ करणारं तेल यांचं दुधासारखं मिश्रण पावणेदोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की पारदर्शक रस होतो, तो साच्यात ओततात. पण हे मऊ करणारं तेल मोठं उपद्व्यापी. मऊ आमिष साध्या कडक प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं तर डबा वितळून चिकट होतो. लाल आणि पांढरं शेजारी ठेवलं तर लाल पांढऱ्याला रंग लावतं. संगतीचा परिणाम आमचे गुरुजी सांगायचे तो हाच. आणि तुटून पाण्यात राहिलेले तुकडे कुजत नाहीत, मासे ते गिळतात. 2013 साली मेन राज्यात मऊ प्लास्टिकवर बंदीचं विधेयकही आलं होतं. बंदी काही झाली नाही.

एवढं सगळं मला ठाऊक असण्याचं कारण माझा भाचा. तो विस्कॉन्सिनात असतो. बँकेची एलएफसी विस्कॉन्सिनपर्यंत जात नाही, तरी स्वतःच्या खर्चाने मी गेल्या सप्टेंबरात सपत्नीक जाऊन आलो. भाचा तीन वर्षं मस्कीच्या मागे होता आणि तीन वर्षांत एकही लागला नव्हता. तिकडे थंडी पडली की संध्याकाळी चारला अंधार होतो, आणि फोनवर तो ताईला "बरं चाललंय" म्हणतो तो आवाज मामाला ओळखू येतो. हा मासा लागणं त्याला का हवं होतं, हे मी विचारलं नाही.

पहाटे निघालो. त्याने नवं कोरं मऊ आमिष काढलं. बुल डॉगच्याच घराण्यातलं, पण नवं निघालेलं, वजन अर्धा पौंड. हातात घेतलं तर पापडाच्या तेल लावलेल्या लाटीसारखं लागलं. वासही तसाच काहीसा, फक्त हिंगाऐवजी नव्या रेनकोटचा.

"केवढ्याला?" मी विचारलं.

"मामा, हळू बोल. हिला वीसच सांगितलेत."

मग तो फेकू लागला. फेकायचं, बुडू द्यायचं, जोरात ओढायचं, थांबायचं. थांबलं की ते शेपूट हलवत खाली जातं, आणि मासा यायचा तर तेव्हाच येतो. मला काम काहीच नव्हतं म्हणून मी मोजत होतो. दुपारपर्यंत दोनशे, चारपर्यंत तीनशे. म्हणजे दीडशे पौंड, जवळजवळ सत्तर किलो. आमचे हेडकॅशिअर साधारण एवढेच आहेत. भाच्याने एका दिवसात अख्खे हेडकॅशिअर पाण्यात फेकले आणि ओढून घेतले.

तीनशे बाराव्या फेकीला आमिषामागे पाण्यात एक ओंडका दिसला. ओंडका चालत होता.

"मामा, हलू नकोस," भाचा कुजबुजला. आमिष होडीशी आलं. आता दोरी संपली. अशा वेळी काठीचं टोक पाण्यात खुपसून होडीला लागून आठचा आकडा काढतात, म्हणजे आमिष फिरतंच राहतं. आठ इंग्रजी काढायचा. मराठी ८ काढला तर मासा उघड्या बाजूने निघून जाईल. भाच्याने पहिला आठ काढला. ओंडका वळला. दुसऱ्या आठच्या मोठ्या वळणावर पाणी फाटलं, काठी वाकून पाण्यात गेली, आणि "मामा, जाळं! जाळं!" असा आवाज झाला. तो आवाज पोराचा होता, चौथीतल्या.

एक्केचाळीस इंच. जाळ्यातच, पाण्यातच ठेवून लांब पकडीने गळ सोडवले. मी म्हटलं, "वजन?" तो म्हणाला, वजन करत नाहीत, मासा दमतो. 1966 पर्यंत विस्कॉन्सिनात मस्की होडीशी आणून चक्क पिस्तुलाने मारायची मुभा होती. त्याच साली मिनेसोटात गिल हॅम यांनी मस्कीज इंक ही संस्था काढली आणि 'धरा, मोजा, सोडा' शिकवायला घेतलं. आता बहुतेक मस्कीवाले तेच करतात. माझ्या हिशेबाने 1949 चे ते दोन्ही विक्रम म्हणूनच सुरक्षित आहेत. ते मोडायला मासा तोलावा लागतो, आणि एवढा मोठा मासा मारून तोलायला आता कुणी धजत नाही.

भाच्याने शेपटीला धरून त्याला पाण्यात उभा-आडवा सावरला. अर्धा मिनिट तो तसाच राहिला, मग एक फटकारा मारून आम्हा दोघांना भिजवून गेला. नव्या आमिषाची शेपूट तो बरोबर घेऊन गेला होता. भाच्याने खिशातून लायटर काढला, दुसरी जुनी शेपूट काढली, दोन्ही तोंडं वितळवली आणि एकमेकांना चिकटवून धरली. हिरव्या अंगाला नारिंगी शेपूट. हात थरथरत होते म्हणून लायटर मी धरला.

रात्री त्याने ताईला फोन लावला. एरवी तीन वाक्यांत आटपणारा भाचा पाऊण तास बोलत होता. आठचा आकडा, पाणी कसं फाटलं, मामाने जाळं कसं धरलं. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एक्केचाळीस इंच म्हणजे केवढा, ते त्याला हात लांब करून दाखवायला लावलं. मग म्हणाली,

"बाकीच्यांना दिलास ना थोडा?"

"आई, सोडून दिला."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग ताई म्हणाली, "मामाकडे दे फोन."